थंडीतला एसी

२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला. शहराच्या नोंदींतलं हे सर्वांत कमी तापमान. त्याआधीचा नीचांक ३.९ अंशांचा होता, तोही ७ जानेवारी १९३७ चा. मे महिन्यात ज्या शहराच्या तापमानाची बातमी देशभर होते, त्या शहरात डिसेंबरची पहाट अशीही असू शकते हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. नागपूरकराला मात्र त्यात नवल नाही. समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देते आणि त्यात उत्तरेकडचे वारे सुटले की एका रात्रीत पारा पाच-सात अंशांनी खाली येतो.

या थंडीसाठी आपण स्वेटर काढतो, शेकोटी पेटवतो, आंघोळीचं पाणी जास्त तापवतो. गाडीच्या बाबतीत मात्र एकच गोष्ट करतो: एसी बंद. दिवाळीनंतर एसीचं बटण जे बंद होतं ते होळीपर्यंत कुणी दाबत नाही. एसी उन्हाळ्याचा, हीटर हिवाळ्याचा, अशी सरळ वाटणी डोक्यात बसलेली असते. ही वाटणी चुकीची आहे आणि हिवाळ्याच्या पहाटे रस्त्यावर ती धोक्याची ठरते.

पेंचच्या सफारीचं उदाहरण घ्या. सकाळच्या फेरीसाठी सिल्लारी किंवा खुर्सापारच्या गेटवर उजाडायच्या आत पोचायचं, म्हणून नागपूरहून कुटुंब पहाटे चारला निघतं. गाडीत चार-पाच जण, काचा घट्ट बंद, मांडीवर शाली, हातात थर्मासमधला चहा. कामठी मागे पडते, मनसरकडे जाताना दोन्ही बाजूंना शेतं लागतात, ओलिताच्या गव्हावरचा गारवा रस्त्यावर येतो आणि समोरची काच खालच्या कडेपासून पांढरी व्हायला लागते. चालवणारा हाताने पुसतो. अर्ध्या मिनिटात ती पुन्हा पांढरी. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या पांढऱ्या पडद्यावर पसरतात आणि रस्ता दिसेनासा होतो.

ही वाफ बाहेरून आलेली नसते, ती आतल्या माणसांची असते. आपल्या उच्छ्वासातली हवा शरीराच्या तापमानाजवळची आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. श्वास आणि त्वचा मिळून एक माणूस शांत बसल्या जागी तासाला साधारण ३० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसं म्हणजे १२० ग्रॅम, मिनिटाला २ ग्रॅम. आता गाडीतली हवा किती? साध्या मोटारीत सुमारे ३ घनमीटर. दहा अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे सगळ्या गाडीचा हिशेब २८ ग्रॅमच्या आसपास. पहाटेची हवा आधीच नव्वद टक्के भरलेली असेल तर २५ ग्रॅम तिच्यात होतेच. उरलेले तीन ग्रॅम चार माणसं दोन मिनिटांच्या आत भरून टाकतात. गाडीत बसल्यावर आतली हवा हळूहळू उबदार होते आणि तिच्यात आणखी बाष्प मावतं हे खरं, पण काच उबदार होत नाही. वेगाने धावणाऱ्या गाडीची पुढची काच बाहेरच्या दहा अंशांनाच राहते. तिला टेकणारी हवा तिथे गार होते, मावेनासं झालेलं बाष्प तिच्यावर सोडते. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला सुटतो तोच हा घाम.

पहाटे हीच गाडी समृद्धी महामार्गावर असेल, तर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. काच पुसायला तीन सेकंद लागले तर शंभर मीटर रस्ता आंधळेपणाने कापला गेला. शिवाय हाताचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि पुढच्या वेळी त्याच पट्ट्यांवर वाफ आधी धरते.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. डॅशबोर्डवर गाडीच्या आकृतीत गोल फिरणाऱ्या बाणाचं एक बटण असतं. ते दाबलेलं असेल तर आतलीच हवा आत फिरत राहते. उन्हाळ्यात हे बटण आपला मित्र, कारण ४५ अंशांची हवा बाहेरून घेऊन ती गार करण्यापेक्षा आतली गार झालेली हवाच पुन्हा गार करणं सोपं. थंडीत हेच बटण सगळ्यांचे उच्छ्वास गाडीत कोंडून ठेवतं. अनेकांच्या गाडीत ते उन्हाळ्यापासून दाबलेलंच राहिलेलं असतं आणि काच का धरते हे कळत नाही. ते बंद करून बाहेरची हवा आत घ्यायची. बाहेरची हवा गार असते, पण तिच्यात एकूण बाष्प कमी असतं. दहा अंशांची नव्वद टक्के दमट हवा हीटरवरून जाऊन पंचवीस अंशांची झाली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्याही खाली येते. अशी तहानलेली हवा काचेवरून गेली की थेंब उचलून नेते.

मग एसीची गरज कुठे? एक तर सुरुवातीच्या मिनिटांत. हीटर इंजिनच्या उष्णतेवर चालतो आणि गार इंजिन तापायला काही किलोमीटर जावे लागतात, एसी मात्र इंजिन सुरू होताच कामाला लागतो. दुसरं म्हणजे बाहेरचीच हवा ओली असते तेव्हा. डिसेंबर-जानेवारीत विदर्भात एखादा अवकाळी पाऊस होतो, गारा पडतात, तुरीचं आणि संत्र्याचं नुकसान होतं आणि मागोमाग दोन-तीन दिवस दाट धुकं उतरतं. त्या दिवसांत बाहेरची हवा आत घेऊनही काच पुरती सुकत नाही. तेव्हा एसीच लागतो.

कारण एसी हवा सुकवतो. हे त्याचं दुय्यम काम वाटतं, पण इतिहासात ते पहिलं आहे. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन इंजिनिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती माणसांना गारवा देण्यासाठी नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा, रंगीत छपाईतले रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. हवेतलं बाष्प ताब्यात ठेवणं एवढंच त्याचं काम होतं. थंडगार नळ्यांवरून हवा नेली की तिच्यातलं पाणी नळ्यांवर सुटतं, हे त्याने कामाला लावलं. आणि नागपूरने त्याच प्रश्नाची उलटी बाजू त्याआधीच पाहिली होती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. इथल्या कोरड्या हवेत सूत तुटायचं, म्हणून हवा ओलसर ठेवणारी यंत्रं त्या मिलमध्ये बसवली गेली. कूलरही तेच करतो, हवेत पाणी मिसळतो. म्हणून मे महिन्यात तो सुख देतो आणि मृगाचा पाऊस पडल्यावर त्याच कूलरने अंग चिकट होतं. हवा गार करणं आणि हवा सुकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे नागपूरकराला पुस्तकातून शिकावं लागत नाही. गाडीत बसल्यावर मात्र तो ते विसरतो.

गाडीच्या डॅशबोर्डमागे दोन छोट्या जाळ्या असतात, एकीमागे एक. पहिली एसीची गार कॉइल, शून्याच्या थोडी वर, तीन-चार अंशांवर चालणारी. दुसरी हीटरची, जिच्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरतं. हिवाळ्यात दोन्ही एकदम वापरायच्या. हवा आधी गार कॉइलवर जाते आणि आपलं पाणी तिथे टाकते. ते पाणी नळीवाटे गाडीखाली ठिबकतं. मग तीच कोरडी हवा हीटरवर तापून काचेवर येते. चार अंशांपर्यंत सुकवलेली हवा पंचवीस अंशांना तापवली तर तिची आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास राहते, बाहेर कितीही धुकं असो. म्हणजे एसी चालू, तापमानाचा खटका लाल बाजूला, हवेची दिशा समोरच्या काचेकडे, बाहेरची हवा आत. एसी लावला म्हणजे गाडीत कुडकुडत बसावं लागेल ही भीती त्यामुळे निराधार आहे. बऱ्याच गाड्यांत पंख्याच्या आकाराच्या काचेवर तीन नागमोडी बाण असलेलं बटण असतं. ते दाबलं की यातलं बहुतेक सगळं आपोआप होतं. चौकोनी काचेचं चित्र मागच्या काचेसाठी असतं, तिथे काचेत बसवलेल्या बारीक तारा विजेने तापतात.

इथे एक सापळा आहे. काच स्वच्छ झाली, आता एसी कशाला, म्हणून तो बंद केला आणि हवा आतलीच फिरत असली तर मिनिटभरात काच पहिल्यापेक्षा दाट धरते. कॉइलवर साठलेलं पाणी गार व्हायचं थांबतं आणि पुन्हा हवेत उडून काचेवर येतं. एसी बंद करायचाच तर बाहेरची हवा चालू ठेवूनच करावा. आणि बाहेर पारा तीन-चार अंशांवर असेल तर बटणाचा दिवा लागूनही अनेक गाड्यांत कंप्रेसर चालत नाही. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. त्यात बिघाड नसतो. इतकी थंड हवा मुळातच कोरडी असते, ती तापवली की काम होतं.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं, म्हणून गोंधळ उडतो. जुलैत बाहेर दमट आणि उबदार, आत एसीने काच गार. तेव्हा वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते आणि आतून कितीही पुसली तरी जात नाही. वायपर फिरवायचा, थंड हवेचा झोत काचेवरून काढायचा आणि एसीचा गारवा थोडा कमी करायचा. काच धरली की आधी बोट लावून वाफ आत आहे की बाहेर ते पाहावं, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

बाहेरच्या दवाचाही एक हिशेब आहे. रात्री उघड्यावर उभी केलेली गाडी सकाळी चिंब असते आणि शेजारी कडुलिंबाखाली उभी असलेली कोरडी. काच आणि पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतात. वर झाडाची छत्री असेल तर पानं ती उष्णता परत पाठवतात. म्हणूनच हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही गाडीच्या टपावर बर्फाचा पातळ थर धरू शकतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या लाटेत गाड्यांच्या टपांवर हिमकण जमल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात ती याच कारणाने. भोवतीच्या उतारांवरची जड, थंड हवा रात्री तलावाच्या खोलगट भागात येऊन साचते आणि गावापेक्षा तिथला पारा बराच खाली जातो.

काचेवर असा थर आला तर त्यावर गरम पाणी ओतू नये. पुढची काच दोन थरांची असते. एका जागी अचानक गरम झाली की तिथे ताण येतो आणि एखादा जुना टवका असेल तर तिथून तडा धावतो. मिनेसोटात किंवा टोरांटोत राहणारी मराठी माणसं पहिल्या हिवाळ्यातच हे शिकतात. प्लॅस्टिकच्या खरवडणीने बर्फ काढायचा आणि गाडी सुरू करून काच हळूहळू आतून तापू द्यायची. आपल्याकडे कोमट ओलं फडकं आणि पाच मिनिटांचा धीर पुरतो.

आता हीटरविषयी, कारण नागपुरात तो अनेकांच्या गाडीत नीट चालतच नाही आणि त्याचं मूळ उन्हाळ्यात आहे. इंजिनमध्ये जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाकांच्या कामी येते. बाकीची धुराड्यातून आणि कूलंटमधून उष्णता होऊन निघून जाते. हीटर त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो, म्हणून त्याला इंधनाचा वेगळा खर्च जवळजवळ नाही. कूलंट ऐंशी-नव्वद अंशांना येईपर्यंत थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं. मे महिन्यात वाहतूक कोंडीत गाडीचा काटा वर गेला की रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ही झडपच काढून टाकायचा सल्ला मिळतो. काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण आता कूलंट सदैव रेडिएटरमधून फिरतं आणि डिसेंबरच्या पहाटे महामार्गावर इंजिन कधी पुरतं तापतच नाही. हीटरची हवा कोमट येते, काच सुकत नाही, इंधन जास्त जळतं आणि इंजिनची झीजही वाढते. गाडी तापण्याचं खरं कारण बहुधा गाळाने भरलेला रेडिएटर, न फिरणारा पंखा किंवा गळणारं कूलंट असतं. त्याची दुरुस्ती सोडून निरपराध झडप काढली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी तशीच सवय म्हणजे कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरणं. त्या जड पाण्यातला क्षार आणि आतला गंज हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट म्हणजे बर्फाळ देशांची चैन, असं समजलं जातं. तिकडे ते निम्मं-निम्मं मिसळलं की उणे ३५ अंशांपलीकडेही गोठत नाही हे खरं, पण तेच द्रव्य उकळण्याचा बिंदूही वर नेतं आणि गंज रोखतं. म्हणजे नागपूरच्या मे महिन्याला ते जितकं हवं तितकंच डिसेंबरलाही. एसीलाही थंडीत दर पंधरा-वीस दिवसांनी दहा मिनिटं चालवावं. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं आणि त्याचे रबरी सील ओले ठेवतं. चार महिने बंद राहिलेल्या एसीत सील सुकून गॅस झिरपतो आणि मार्चमध्ये गॅस भरायला रांग लागते.

ट्रकचालकांच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. वाफ धरू नये म्हणून काचेवर तंबाखू चोळायची त्यांची जुनी युक्ती आहे. त्यामुळे पाण्याचे सुटे थेंब न राहता एकसंध पातळ थर होतो आणि आरपार दिसतं. साबणाच्या सौम्य पाण्याने काच आतून पुसून कोरडी केली तरी तेच होतं, आणि डागही राहत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी हा विषय लावून धरला, तेव्हा चर्चा होती ती ४३ ते ४७ अंशांत चालवणाऱ्या चालकांची. ते योग्यच होतं. पण जबलपूर रोडवर जानेवारीच्या धुक्यात रात्रभर चालणाऱ्या ट्रकलाही याच एसीने समोरचं दिसणार आहे, हे चालकांना गाडी देतानाच कुणी समजावून सांगायला हवं.

विजेवरच्या गाड्यांत इंजिनच नसल्याने वाया जाणारी उष्णताही फार कमी. तिथे हीटर बॅटरीतूनच वीज घेतो. नॉर्वेसारख्या देशात त्यामुळे पल्ला बराच घटतो. नागपूरच्या दहा अंशांत दीड किलोवॉट तासभर वापरले तर साधारण दहा किलोमीटरांचा पल्ला जातो, तेवढी किंमत स्वच्छ काचेसाठी मोजायला हरकत नाही. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच आतून उबदार करून घ्यावी, म्हणजे ती वीज बॅटरीतून जात नाही. अशा गाडीत हीटर लावून थांबून राहणंही निर्धोक, फक्त काच थोडी उघडी हवी.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीत मात्र तसं थांबू नये. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी नागपुरात मुंबई-पुण्याच्या गाड्यांचा ताफा येतो, लग्नसराईही असते आणि रात्री उशिरापर्यंत चालक गाडीतच वाट पाहतात. थंडी वाजते म्हणून इंजिन चालू ठेवून, काचा लावून, हीटरच्या उबेत झोप लागते. गाडी बंद पोर्चमध्ये किंवा तळघरात उभी असेल, किंवा सायलेन्सरला कुठे भोक पडलेलं असेल, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्याला ते कळतही नाही. अशा चालकाला आधी इंजिन बंद करून, दारं उघडून मोकळ्या हवेत आणावं आणि १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावंच. आणि आपल्यासाठी बाहेर थांबलेल्या चालकाला रात्री बसायला घरातली, निदान मंगल कार्यालयातली, एक खुर्ची आणि पांघरूण द्यावं.